जुनी ठेवू की नवी घेऊ?

इस्पितळाच्या तपासणी विभागातले सर्व्हरकाका निवृत्तीला तीन आठवडे उरले तरी निवृत्त व्हायला तयार नव्हते. वर्षभराची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. कारण एकच, आपल्याशिवाय रिपोर्ट काढणारं हे सर्व्हरचं यंत्र कोणाच्या बापाला चालवता येणार नाही. अर्जातली भाषा अर्थात सभ्य होती.

साहेब पक्के होते. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती टाकायची राहिलीच आहे, ती नव्या इंजिनिअर बाईंना शेजारी बसवून टाका, अडचणी किती येतात ते पाहून ठरवू, असं म्हणाले. काका खुशीत आले. अडचणी आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आवृत्ती बदलताना यंत्र सेटिंगच्या दर फाइलीला नम्रपणे विचारतं, तुमची जुनी ठेवू की नवी घेऊ? बावीस वर्षं काकांचं उत्तर ठरलेलं, जुनी. आवृत्त्या आठ बदलल्या, आत सगळा संसार पहिल्या दिवसाचाच. घरीही तीच तऱ्हा. बायकोने नवे पडदे आणले तेव्हा ते जुन्यांवरूनच लावा म्हणाले होते.

सकाळी दहाला बाईंनी सगळ्याची प्रत काढून ठेवली आणि काम सुरू केलं. पहिल्याच फाइलीला काका म्हणाले, जुनी. बाईंनी विचारलं, यात आहे तरी काय? मग काकांनी ओळीओळीचं पुराण लावलं. एक ओळ अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरची. दुसरी त्याच्या जागी आणलेल्या आणि महिनाभरातच मेलेल्या प्रिंटरची. असे चार वाजले. शेवटच्या फाइलीत काकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं सापडलं: ‘ही ओळ काढू नये. का ते विसरलो.’

बाई हसल्या नाहीत. तेच काकांना लागलं.

"नवी घ्या," ते म्हणाले. "सगळ्याच नव्या घ्या."

पंधरा मिनिटांत यंत्र सुरू झालं. रिपोर्ट निघू लागले, तेही भराभर. जन्मभर फोनच्या नावाने बोटं मोडणारे काका फोनकडे टक लावून बसले. एक तक्रार येईना. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं.

पाचला साहेबांनी दोघांना बोलावलं, अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"अख्खा दिवस गेला की हो. तुम्ही नसतात तर काय झालं असतं?"

काकांनी एकदा पेनाकडे पाहिलं.

"मी नसतो तर," ते म्हणाले, "सव्वादहालाच झालं असतं."