धुऱ्यावर चार जण

दसऱ्याच्या आधीचा सोमवार. स्थळ : आमच्या माजी सैनिक संघटनेचं सभागृह, आर्वी. कार्यक्रम : तरुण माजी सैनिक मेळावा.

हजर : अध्यक्ष, निवृत्त सुभेदार मेजर, वय पंचाहत्तरच्या पुढे. कोषाध्यक्ष, निवृत्त हवालदार, एका कानाला यंत्र. फौजेत आयुष्यभर ट्रक चालवलेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे ड्रायव्हर काका म्हणतो. आणखी काही जुने सदस्य, सगळे साठीच्या पलीकडचे. प्रमुख पाहुणे आणि त्यांची बॅग धरणारा माणूस. सचिव, म्हणजे मी. तरुण माजी सैनिक : दोन. त्यातला एक आम्हीच ठरवलेला फोटोग्राफर होता. तोफखान्यातून निवृत्त होऊन तो आता लग्नाचे फोटो काढतो, म्हणून त्याला दोन्हीकडे मोजला.

गैरहजर : रोहणा गावाकडचा एक तरुण, फौजेतल्या हुद्द्याने नायक. त्याच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. पाठीला कागद चिकटवला होता, 'राखीव'.

मी पलटणीत क्लार्क होतो. कोण कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीने, हे कागदावर उतरवण्यात माझी नोकरी गेली. पन्नाशी ओलांडली तरी ती सवय सुटलेली नाही. घरात किराण्याचीसुद्धा यादी मीच करतो, आणि दुकानात ज्या क्रमाने वस्तू मिळतात त्या क्रमाने करतो. संघटनेत जुन्या लोकांत मीच सगळ्यांत लहान, म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. आल्यापासून सभा वेळेवर सुरू होते. विषयपत्रिका आधी दोन दिवस ग्रुपवर पडते. मला त्याचा अभिमान होता.

विषयपत्रिका साधारण ठरलेली. आधी महिन्याभरात गेलेल्या सदस्यांना श्रद्धांजली. मग मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, येणारे कार्यक्रम. त्यानंतर 'तरुण सदस्य वाढवणे'. आणि शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. पण कार्यक्रमांच्या विषयापर्यंत चहा येतो. चहा आला की अध्यक्षांना बर्फातली एखादी चौकी आठवते, कोषाध्यक्षांना ऐकू न आल्याने ते दुसरीच चौकी सांगू लागतात, आणि ड्रायव्हर काका म्हणतात, "चहा आला का सभा संपते, हे दुश्मनालेई ठाऊक हाय." सगळे हसतात. सभा संपते. 'तरुण सदस्य वाढवणे' पुढच्या महिन्यावर जातं, आणि ऐनवेळचे विषय तर कधी येतच नाहीत.

नायक पहिल्यांदा आला तो उन्हाळ्यात. छत्तीस-सदतीसचा, सडसडीत, घरी येऊन दोनेक वर्षं झालेली. नोकरी कुठे धरली नव्हती, वडिलांची शेती करत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला उभ्या उभ्याच सदस्य करून घेतलं आणि ग्रुपवर त्याच्या स्वागताचा निरोप टाकला. तो मात्र सदस्य व्हायला आला नव्हता.

"बाबूजी," तो म्हणाला. फौजेत क्लार्कला जवान 'बाबूजी' म्हणतात. "माह्या शेतात जायची पांदण अडवली. मी छुट्टीवर येत होतो तवा बैलबंडी जायची तिथून. आता बाजूवाल्यानं आडव्या बोरीच्या काट्या टाकल्या. म्हनते, इथं वाट नोतीच."

"तहसीलमध्ये अर्ज दिलास?"

"देल्ला ना. पाहनी होनार हाय."

"मग आमच्याकडून पत्र हवं का? लेटरहेडवर देतो."

"कागद नाई पायजे जी. पैसेई नाई. पाहनीच्या दिवशी तुमी चार जन या. टोपी घाला, मेडल लावा. बोलू नका काईच. नुसते माह्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहा. बाजूवाल्याकडून अर्धं गाव उभं राह्यते. मी सतरा साल बाह्यर होतो, माह्याकडून कोन राहीन?"

मी म्हणालो, हा विषय सभेत मांडू. आणि लिहिलाही, ऐनवेळचे विषय या मथळ्याखाली, कारण तो कार्यक्रम नव्हता, जमाखर्च नव्हता, दुसरीकडे कुठेच बसत नव्हता. नायक त्या सभेला आला, मागच्या भिंतीशी बसला. चहा आला, चौकी आली, सभा संपली. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. तेव्हा ड्रायव्हर काका त्याला म्हणाले, "पोरा, जवान हायेस, कप गोळा कर." त्याने कप गोळा केले. माझ्यासमोर ट्रे धरून त्याने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पुढच्या वेळी नक्की, अशा अर्थाने. त्याच्या पुढच्या सभेलाही तेच.

या सगळ्या काळात मी काय करत होतो? मेळाव्याची तयारी. तालुक्यातल्या तरुण निवृत्तांची यादी काढली, एकेकाला फोन लावले. कोणी बँकेच्या दारात गार्ड होता, कोणी शाळेची गाडी चालवायचा. एक म्हणाला, "काका, तिथं येऊन आमी काय करू? तुमी सारे सुभेदार, आमी पुन्हा रंगरूट." मी तेही टिपून घेतलं, 'सूचना' म्हणून. फ्लेक्स छापला : तरुण माजी सैनिकांनो, संघटना तुमच्या पाठीशी आहे. सेल्फीसाठी पुठ्ठ्याचा रणगाडा करून घेतला. वार सोमवार ठरला, कारण प्रमुख पाहुण्यांना सोमवारच मोकळा होता. तरुण माणसं सोमवारी कामावर असतात, हे माझ्या कुठल्याच टिपणात नव्हतं.

मेळाव्याच्या चार-पाच दिवस आधी नायक घरी आला. गेटातूनच म्हणाला, "बाबूजी, तारीख भेटली. सोमवारी."

मी डायरी उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. "सोमवारी आपला मेळावा आहे रे."

त्याने गाडीची चावी बोटात फिरवली.

"तहसीलच्या साहेबांना सांगून तारीख पुढे घेता येईल का?"

"लय मुश्किलीनं भेटली जी. सोयाबीन उभं हाय. कापल्यावर मळनी यंत्र आत जाईन कसं?"

त्या क्षणी मी काय काय करू शकलो असतो, याची यादी आज मला पाठ आहे. दोघांना मेळाव्यातून सोडता आलं असतं. फोटोग्राफरलाच टोपी घालून तिकडे पाठवता आलं असतं. मी स्वतः जाऊ शकलो असतो. सूत्रसंचालन कोषाध्यक्षांनी केलं असतं तर फार तर पाहुण्यांचं नाव चुकलं असतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नाश्त्याच्या प्लेटा होत्या. मी म्हणालो, "असं कर, पाहणी आटोपून तूच इकडे ये. हा मेळावा तुझ्यासारख्यांसाठीच आहे. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो."

"बरं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

खुर्ची मी ठेवली. पाहुणे तासभर बोलले, देशासाठी तरुणांनी काय करावं यावर. ऐकायला तरुण एकच होता, आणि तो नाश्ता झाल्यावर गेला. फोटोग्राफरने हुशारीने फोटो असे काढले की रिकाम्या रांगा दिसू नयेत. संध्याकाळी ते सगळे मी ग्रुपवर टाकले. शेवटच्या फोटोखाली ओळ उमटली, नायकाने ग्रुप सोडला.

मी आठ दिवस थांबलो. का थांबलो याला कारण नाही. मग एका सकाळी मोटारसायकल काढली आणि गेलो.

त्याच्या शेताकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी मळणी यंत्र उभं होतं, पक्क्या रस्त्यावर. पांदणीवर बोरीच्या काट्या आडव्या पडलेल्या. बाजूच्या अरुंद धुऱ्यावरून नायक आणि त्याची बायको सोयाबीनचे भारे डोक्यावर घेऊन येत होते, टाकत होते, परत जात होते. अख्खं शेत डोक्यावरून रस्त्यावर चाललं होतं.

"या बाबूजी," तो म्हणाला. भारा टाकला, पंच्याने तोंड पुसलं, बाटली माझ्यापुढे धरली. "पानी घ्या."

बायकोने पदर सारखा केला. "हेच का ते, संघटनेवाले?"

"हो."

"खुर्ची ठेवली होती म्हने तुमी. घेऊन काऊन नाई आले? इथं धुऱ्यावर मांडली असती."

"चूप ना," नायक म्हणाला.

"काऊन चूप? त्या दिवशी घरचे सारे कप घासून, दूध आनून बसली होती मी. फौजी येतात म्हनून साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं यायनं. बाजूवाल्याची बायको विचारते, कवा येऊन राह्यली वो तुमची पलटन?"

मला हे माहीत नव्हतं. त्याने गावात सांगून ठेवलं होतं. मी 'बरं' ऐकलं आणि विषय मिटला असं धरलं. तो मात्र त्या सोमवारी सकाळपर्यंत वाट पाहत होता, की बाबूजी हिशेबी माणूस आहे, काहीतरी जुळवून कोणाला तरी पाठवेल.

"काय झालं पाहणीत?" मी विचारलं.

"साहेब चांगला होता. त्यानं विचारलं, या वाटेनं कोन जात होतं? तिकडले सारे म्हनाले, वाटच नोती. इकडून मी म्हनलं, होती. त्यानं दोन्ही लेहून घेतलं. आता त्यानं तरी काय करावं? मी पुन्हा पाहनीचा अर्ज देल्ला हाय."

"त्या दिवशी आम्ही येतो. नक्की."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "नका येऊ जी आता. एकदा लोकांत सांगतलं, तुमी आले नाई. दुसऱ्यांदा सांगाले तोंड नाई मले."

मी एक भारा उचलायला वाकलो. त्याने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "राहू द्या बाबूजी. तुमचे कपडे खराब होतीन." तो खरंच आदराने म्हणाला. तोच आदर मला परतीच्या रस्त्यावर आर्वीपर्यंत टोचत राहिला.

दिवाळीनंतरच्या सभेची विषयपत्रिका मी वेगळी केली. श्रद्धांजलीनंतर लगेच, विषय क्रमांक दोन : रोहण्याकडील सदस्याची पांदण. चहावाल्याला सांगून ठेवलं, मी हात वर करेपर्यंत येऊ नकोस.

विषय वाचला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. "संघटना कुणाच्या धुऱ्याच्या भांडणात पडत नाही, सचिव. पहिल्यापासूनचा नियम आहे."

"मेजर साब," ड्रायव्हर काका म्हणाले, "पडाचं कोन म्हनते? नुसतं उभं राह्यचं हाय." मग ते माझ्याकडे वळले. "हा तोच का, कप गोळा करनारा?"

"तोच."

ते खाली पाहत राहिले. "मंग मले मोज."

कोषाध्यक्षांनीही हात वर केला. त्यांना विषय कितपत ऐकू आला होता देव जाणे, पण काका जातात तिथे ते जातात. मला धरून आम्ही तीन झालो. अध्यक्ष काढलेला चष्मा पुसत होते. मी पुढचा विषय घ्यायला कागद उलटला, तेवढ्यात ते म्हणाले, "माझी बेरेट टोपी कसरीने खाल्ली असेल. बघावी लागेल." मी चौथ्या आकड्यापुढे त्यांचा हुद्दा लिहिला आणि हात वर केला. चहा आला.

तहसीलमध्ये चौकशी केली. पाहणी येत्या शुक्रवारी, सकाळी. मग मी नेहमीसारखी यादी केली आणि एकेक काम उरकत गेलो. गाडी : भाच्याची, सांगून ठेवली. बेरेट : अध्यक्षांची शाबूत निघाली, कोषाध्यक्षांची नवीन आणली. मेडल : पॉलिश झाली. घडीचं स्टूल : एक, अध्यक्षांच्या गुडघ्यांसाठी, पण ते म्हणतात बसणार नाही. चहा आणि कप : आमचे आम्ही नेणार, चहा थर्मासमध्ये, त्या घरात पुन्हा कोणाला घासायला लावायचे नाहीत. कोषाध्यक्षांच्या यंत्राचा सेल : बदलला.

फक्त नायकाला सांगायचं राहिलं आहे. न सांगता गेलो, तर त्याच्या धुऱ्यावर आम्ही कोणाच्या परवानगीने उभे राहणार? आणि सांगितलं, तर तो 'बरं' म्हणेल, आणि त्या 'बरं'मागे आमच्यावरचा विश्वास उरला असेल की नाही, मला ठाऊक नाही. आज सकाळी त्याला फोन लावला, वाजण्याआधीच बंद केला. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. जावं लागेल, काट्यांपाशी गाडी ठेवून धुऱ्यावरून चालत, आणि त्याच्या बायकोसमोरच विचारावं लागेल.

आज बुधवार आहे. यादीत त्या एका ओळीपुढे अजून खूण नाही.