सतरा सह्या

आमच्या नागपूरच्या कचेरीत सूचना एका वहीत लिहीत आणि चपराशी ती वही टेबलोटेबली फिरवी. न वाचता सही ठोकायची, हा आम्हा सगळ्यांचा शिरस्ता. एके दिवशी सही झाल्यावरही चपराशी माझ्यासमोर जरा उभाच राहिला. मी चिडून त्याला हाकललं.

पाचव्या दिवशी तो मुंडण करून आला, तेव्हा मी वही उलटून पाहिली. त्याच्या आईला रक्त हवं होतं. दुपारी चारला रामदासपेठेतल्या दवाखान्यात या, असं बड्या बाबूंनी लिहिलं होतं. खाली आमच्या सतरा सह्या.

"तोंडानं काहून नाही सांगितलं गा?" मी विचारलं.

"सगळ्यांनी सह्या केल्या न साहेब. मले वाटलं, येऊनच राहिले."