बत्तीस रंगांचा पदर

“हा माहा पदर नोहोय, बाई,” कवडूकाका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

काका आंधळगावचे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, विणकर, आणि मी भंडाऱ्यातल्या एका छोट्या वेबसाइट ऑफिसात डिझायनर. दिल्लीच्या प्रदर्शनासाठी त्यांच्या साडीचं चित्र पोर्टलवर टाकायचं होतं. चित्र बघूनच निवड होणार होती. मुदत पाचपर्यंत, आणि तीन वाजून गेले होते.

साडी सरळ धरली तर सोनेरी, वळवली की तांबूस. एका फोटोत ते दिसत नाही. म्हणून आठ फोटो जोडून मी GIF, म्हणजे हलतं चित्र, केलं. पण पोर्टल पाचशे केबीवरची फाइल घेत नाही. रंग कमी केले की फाइल हलकी होते, म्हणून मी बत्तीसच ठेवले. मधल्या छटा गेल्या आणि पदरावर जाड पट्टे उमटले.

मग डिदर लावलं. डिदर म्हणजे जो रंग नाही तो भासवण्यासाठी हाताशी असलेल्या दोन रंगांचे ठिपके शेजारी मांडणं. पट्टे गेले, पण ठिपके प्रत्येक फोटोत जागा बदलत होते. पदरावर मुंग्या फिरल्यासारखं दिसत होतं, वर फाइल सातशे केबी.

ऑफिसचे सर म्हणाले, साधा फोटो टाक आणि मोकळी हो. काका साडीची घडी घालू लागले.

मला वाईट वाटलं. ठिपक्यांची अडचण मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी घडी थांबवली आणि पदर माझ्यापुढे धरला.

“उभा धागा पिवळा, आडवा लाल. तांबूस धागा कुठं हाये, दाखव.”

मी मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं. तांबूस धागा नव्हताच.

“मग तांबूस रंग दिसते काहून?” मी विचारलं.

“एक वर, एक खाली. जागा ठरलेली. मनमानी टाकला तं कपडा मळका दिसते.”

माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. डिदरची व्याख्या पाठ करून मी परीक्षेत मार्क मिळवले होते. तेच काम हातानं करणारा माणूस एसटीनं तासाभरावर राहत होता.

सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅटर्न’ नावाचा पर्याय होता, ठरलेल्या जागी ठिपके मांडणारा. तो निवडला. मुंग्या थांबल्या. फाइल चारशे साठ केबी.

“कपडा लांबून पाहा लागते,” म्हणत काका उठून दारापर्यंत गेले आणि तिथून त्यांनी स्क्रीनकडे वळून बघितलं.

“आता माहा हाये.”

साडी निवडली गेली. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी मी खुर्चीतून उठते आणि दारातून एकदा बघते.