साठ मोरांचं सॅटिन

चतुराबाई कापडाला हात लावल्याशिवाय भाव विचारत नाहीत. त्यांचे आजोबा शेती करत, तेव्हा बोंड चिमटीत धरून कापसाचा वाण सांगत. चतुराबाई कापड चिमटीत धरून दुकानदाराची लबाडी सांगतात. तारनाक्याला माधवीचा छोटा कारखाना आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख तिथे शिवले जातात, आणि त्यांची हैदराबादेतली सगळी खरेदी एकोणीस वर्षं चतुराबाईंच्या हातात आहे.

यंदा माधवीनं रोखीचा व्यवहार बंद केला आणि त्यांना कंपनीचं क्रेडिट कार्ड दिलं. मर्यादा पंचवीस हजार. सुरतेहून ठोक माल आणणाऱ्या तिच्या भाच्याच्या, रितेशच्या कार्डावर मात्र एक लाख.

"काल मिसरूड फुटलेल्या पोराला लाख अन् मला पंचवीस," चतुराबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांनी माझा भाव कळला."

"मावशी, तो तुमचा भाव नाही. एका महिन्यात पंचवीसच्या वर तुम्ही कधी खर्च केलाय का?"

केला नव्हता. म्हणून तर जास्त लागलं.

गुरुवारी त्या सिकंदराबादच्या जनरल बाजारात हर्षदसेठच्या दुकानात गेल्या. एका शाळेच्या नाचात साठ मोर होते आणि शिंप्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कापड हवं होतं. आठ दुकानं फिरून झाली होती. हर्षदसेठनं नवव्या दुकानात तागा उलगडला आणि चतुराबाईंनी तो चिमटीत धरला. निळं सॅटिन होतं, पण जरा तिरपं धरलं की त्यातून हिरवं पाणी सरकत जायचं. खऱ्या मोराची मान अशीच असते, कुठला रंग कुठे संपतो ते दिसू देत नाही.

घासाघीस करून भाव दोनशे दहावर आला. नव्वद मीटरचे अठरा हजार नऊशे. त्यांनी कार्ड पुढे केलं.

"नहीं हो रा, अम्मा," हर्षदसेठ म्हणाला. त्यानं पुन्हा करून पाहिलं. "चार बजे आबिड्सवाली पार्टी आरी. इत्ताच माल है."

साडेतीन वाजले होते. चतुराबाईंनी तागा काखेत घेतला आणि माधवीला फोन लावला.

"या महिन्यात एक पैसा खर्चला नाही मी. माझे पंचवीस गेले कुठं?"

"तुमचे आहेत तसेच आहेत," माधवी मोबाइलवर बघत म्हणाली. "कंपनीचेच संपलेत. बँकेनं सगळ्या कार्डांना मिळून दीड लाख दिलेत, मावशी."

चतुराबाईंनी मनात बेरीज केली. माधवीचे लाख, रितेशचे लाख, आपले पंचवीस.

"सव्वादोन होतात की गं."

"सगळे एकदम खर्च करत नाहीत, म्हणून तसं ठेवलं."

"म्हणजे जेवण दीडशेचं अन् आवतण सव्वादोनशेंना."

"तेच झालं आज. शिवाय रितेशच्या हॉटेलनं अनामत म्हणून तीस हजार अडवलेत. खर्च झाले नाहीत, पण तो खोली सोडेपर्यंत वापरताही येत नाहीत."

"आडातच नाही, तर माझ्या पोहऱ्यात कुठून येणार. मग आडात ओत की. आतापर्यंतचं बिल भरायचंच आहे ना?"

"त्याची तारीख पंधरा दिवसांनी आहे."

"आधी भरलं तर बँक रागावते का?"

पलीकडे माधवी हसली. "नाही. जेवढं भरू तेवढी जागा मोकळी होते. वीस हजार भरते. पण बँकेकडे पोचायला थोडा वेळ लागेल."

हर्षदसेठनं चहा मागवला. चारला दहा कमी असताना आबिड्सची पार्टी आली. पोशाख भाड्यानं देणारे, चष्मेवाले गृहस्थ. त्यांची नजर सरळ चतुराबाईंच्या काखेत गेली.

"हे द्यायचंय का?"

"दिलंय," चतुराबाई म्हणाल्या. "पैसे तेवढे वाटेत आहेत."

हर्षदसेठ तोंडावर हात ठेवून हसला, पण त्यानं मान डोलावली आणि गृहस्थांना दुसरे तागे दाखवायला घेतले. माधवीचा फोन आल्यावर चतुराबाईंनी पुन्हा कार्ड पुढे केलं. या वेळी यंत्रातून चिठ्ठी सरसरत बाहेर आली.

ऑटोत तागा मांडीवर घेऊन त्या बसल्या. रस्ता उन्हात होता. प्रत्येक वळणावर सॅटिन हिरवं होई आणि पुन्हा निळं. ऑटोवालाही आरशातून बघत होता. तेवढ्यात सुरतेहून रितेशचा फोन आला.

"मावशी, माझ्या कार्डावर वीस हजार दिसतात, तरी चौदा हजारांच्या टिकल्यांना नाही म्हणतंय."

"तुझे आहेत रे, कंपनीचे नाहीत," चतुराबाई म्हणाल्या. त्यांना आपला आवाज फार आवडला. "आड एकच आहे. आत्ताच मी उपसला. माधवीला सांग, ती आणखी भरेल."

"तोवर मी काय करू?"

"टिकल्यांचा भाव किती केलास?"

रितेशनं आकडा सांगितला.

"दुकानदारानं सांगितला तोच ना? दे त्याला फोन."