वरच्या फाट्यावरची फांदी

पाऊस उघडून अर्धा तास होत नाही तोच माझा फोन वाजायला लागतो. "सर, डोंगराचा रस्ता सुरू आहे का?" शिरपूरहून सातपुड्यातल्या गावांकडे जाणारे शिक्षक, नर्सबाई, पिकअपवाले सगळे मलाच विचारतात. मी निवृत्त मास्तर. वरच्या एका गावातल्या शाळेत मोटारसायकलने जाऊन-येऊन नोकरी केली, त्यामुळे त्या रस्त्याची प्रत्येक खोड मला ठाऊक. बायको म्हणते, पेन्शन सरकारची आणि ड्यूटी डोंगराची.

मी सांगतो ते साधंच असतं. पाऊस थांबला म्हणून लगेच निघू नका, ओला डोंगर उन्हातही सुटतो. कड्याखाली गाडी थांबवून फोटो काढायचा शहाणपणा नको. वळसा आठ किलोमीटरचा असला तरी वळसाच घ्या. "पण सर, बाकीचे तर सरळ जाताहेत," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. "मग त्यांनाच विचारायचं होतं," म्हणून मी फोन ठेवतो आणि पाच मिनिटांनी मीच परत लावतो. शेवटचं वाक्य सांगायचं राहिलेलं असतं. रस्त्यात कुणी फांदी टाकली असेल आणि तुम्ही ती बाजूला केली असेल, तर खाली उतरा आणि ती होती तशी परत ठेवा.

त्या रस्त्यावर बॅरिकेड येईपर्यंत दोन दिवस जातात. तोवर दगडांची एक ओळ आणि तिच्यावर आडवी टाकलेली फांदी हाच काय तो बोर्ड. हिरवी फांदी म्हणजे ताजी खबर, वाळलेली म्हणजे शिळी. ट्रकवाले बंद पडलेल्या गाडीमागे दगड मांडतात आणि जाताना तसेच टाकून जातात, त्यामुळे नुसत्या दगडांना कुणी भीक घालत नाही. फांदीला मात्र मान होता. आणि ज्याला अगदीच जावं लागेल त्याने आपल्यापुरती वाट करायची आणि मागे वळून ती बुजवायची, हा तिथला कायदा होता.

कड्याच्या पायथ्याशी एका आबांचं शेत होतं. दरड आली की फांद्या टाकायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एक फांदी खाली, आपल्या शेताजवळ, आणि दुसरी वरच्या फाट्यावर, जिथून वळशाची गाडवाट फुटते. वर जायला त्यांना दुखऱ्या गुडघ्यांनी तासभर लागायचा. फांदी वाऱ्याने उडू नये म्हणून ते तिच्या बुंध्यावर एक मोठा धोंडा ठेवत.

त्या दिवशी सकाळी वादळी पाऊस झाला होता. दुपारी शाळा लवकर सोडून मी निघालो. घरी फैजपूरहून माझे मेहुणे यायचे होते, चारपर्यंत पोचायला बायकोने बजावलं होतं. वरच्या फाट्यावर फांदी दिसली. कडुनिंबाची होती आणि हिरवीगार होती, हे मला आजही लपवता येत नाही. वळशाची वाट चिखलाची होती. कड्याकडे पाहिलं तर सगळं शांत. मी धोंडा लोटला, फांदी ओढून कडेला टाकली आणि गाडी पुढे काढली. मोटारसायकल उताराला लागलेली, हात चिखलाने भरलेले. उतरून मागे जाणं जिवावर आलं. एवढ्यात कोण येतंय, असं मनाशी म्हणालो.

कड्याखालच्या वाकणावर रस्ताभर दगड पडले होते, पण बाजूने गाडी निघाली. खाली आबा उभे होते. त्यांनी आपली फांदी सरकवून मला वाट दिली, पुन्हा जागेवर ठेवली आणि विचारलं, "सर, वरली फांदी परत ठेवी दिन्ही ना?"

"हो आबा," मी म्हणालो.

नाही म्हटलं असतं तर ते मला दोन शिव्या देऊन वर गेले असते. त्या दोन शिव्या मला नको होत्या, एवढंच. "मंग बरं व्हयनं," म्हणत ते निर्धास्त होऊन खाटेवर जाऊन बसले.

वरच्या गावांतून दूध गोळा करून रोज चारच्या सुमारास एक दूधवाला खाली यायचा. तरुण माणूस, नुकताच बाप झालेला. मी पाहुण्यांबरोबर चहा घेत होतो तेव्हा कडा पुन्हा सुटला. त्याला काढायला लोकांना संध्याकाळ झाली. तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी सगळे कड्याखाली जमले. दूधवाल्याचा भाऊ आबांच्या अंगावर धावून गेला. म्हातारा वर गेलाच नाही, खाली बसून राहिला, असं चारचौघांत म्हणाला. मी तिथेच होतो, आबांपासून हातभर अंतरावर. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "वारानी उडाई दिन्ही व्हई."

धोंडा ठेवलेली फांदी वाऱ्याने उडत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी मात्र खाली मान घालून उभा राहिलो. त्यानंतर त्या रस्त्यावर आबांच्या फांदीचा मान गेला. लोक ती चाकाखाली घालून जायचे. आबा तरीही टाकत राहिले आणि मी त्यांच्या शेतावरून गेलो की हात वर करत राहिले. तो हात मला सहन व्हायचा नाही.

आता आबा फार थकलेत. मुलगा त्यांना शिरपुरात घेऊन आलाय. त्यांना नातवंडं ओळखू येत नाहीत, जेवलो की नाही ते आठवत नाही. पण मी दारात दिसलो की ते खाटेवर उठून बसतात आणि विचारतात, "सर, वरली फांदी परत ठेवी दिन्ही ना?" त्यांच्यासाठी ती दुपार अजून सरलेलीच नाही. दर वेळी मी हो म्हणायचो. दर वेळी ते "मंग बरं व्हयनं" म्हणून आडवे व्हायचे. वर्षभर मी ते एकच खोटं पुन्हा पुन्हा बोललो.

गेल्या पावसाळ्यात, वादळाच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तेच विचारलं. सकाळपासून मी पंधरा जणांना वळसा घ्यायला सांगून आलो होतो. माझ्याने हो म्हणवेना.

"नाही आबा," मी म्हणालो, "नाही ठेवली."

मला वाटलं ते रडतील, नाहीतर मला हाकलून देतील. ते रागावले नाहीत. त्यांनी पाय खाली सोडले, भिंतीला टेकवलेली काठी चाचपून घेतली आणि माझा दंड धरून उभे राहिले.

"मंग चाला सर, बिगी बिगी चाला," ते म्हणाले. "दूधवालाना येवाना टाइम व्हई गया."