मशीन चालू होती, कार्ड बंद होतं

"ओ बाबा, कार्ड खिशात ठेव. इथं चालत नाई आता."

काउंटरवरचा पोरगा मान वर न करता बोलला. माही बायको कौसल्या बाकड्यावर टेकून होती. पाय सुजलेले, दम लागून राह्यला होता. तिच्या दोन्ही किडन्या गेलत्या. सरकारी योजनेच्या कार्डावर याच दवाखान्यात मशीनवर तिचं रक्त धुवत. समुद्रपूरकडून आम्ही एसटीनं वर्ध्याले येत होतो.

"मागच्या खेपेले तं चाललं, साहेब."

"आता हॉस्पिटल योजनेत नाई. पैसे भर, नाई तं पेशंट उचल."

उचल. कापसाचं गाठोडं असल्यावानी.

मागं रांगेतला एक इस्त्रीच्या कपड्यातला माणूस हसला. "फुकटाची सवय लागते यायले."

मी वाकलो. त्या पोराच्या पायाले हात लावला. बौद्ध धम्म घेतला त्या दिवसापासून माह्या बापानं कोणाच्या पाया पडणं सोडलं होतं. मालकाच्याबी. अन् मी नातवाच्या वयाच्या पोरापुढं वाकलो. त्यानं पाय मागं घेतला, घाण लागल्यासारखा.

कौसल्या म्हणाली, "उठा. पाया पडून मले जगवू नोका."

तशीच तिले घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तिथं कार्ड चाले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं जुने कागद मांगतले. कोणतं औषध, रक्ताच्या तपासण्या, सारं. पहिल्या दवाखान्यानं फाईल ठेवून घेतलती. आणाले गेलो तं तोच पोरगा, "उद्या ये." इकडं तपासण्या पहिल्यापासून सुरू झाल्या. मशीनवर चढायच्या आधीच कौसल्या गेली.

तिचा जलदानाचा विधी झाला अन् मी परत त्या काउंटरवर गेलो.

"आता कागद काय करशीन, बाबा? बाई तं गेली ना?"

"माह्या बायकोचे हायेत. दे."

"बाहेर बस."

"नाई बसत. योजना कधी सोडली, ते सांग."

बाजूची नर्सबाई हळूच बोलली, "आम्हाले तं मागच्या खेपेच्या आधीच सांगतलं होतं."

म्हणजे मागच्या खेपेले सुई टोचतानाबी ठाऊक होतं. एका शब्दानं सांगतलं असतं तं दुसरीकडं नंबर लावला असता. काऊन नाई सांगतलं? घाबरलेला माणूस काहीबी विकून पैसे भरते, म्हणून? माहा संशय आजबी तोच हाय.

कागद हातात आले, तेव्हाच हललो.

कार्ड हाय म्हणून निर्धास्त राहू नोका. गावातल्या एकाचं तिथं झालं, म्हणजे आपलंबी होते, असं धरून आम्ही गेलतो. तीच चूक झाली. दर खेपेले विचारजा, आज चालते का, पुढच्या खेपेले चालन का. बंद होत असन तं लिहून मांगा. आता कुठं जायचं, तिथं जागा हाय का, हे त्यायच्याच तोंडून वदवून घ्या. कागदाची नक्कल घरी ठेवा. गोड बोलले तरी ठेवा. गोड बोलले तं आधी ठेवा.

आमच्या भागातलं कोणीबी मशीनवर निघालं का मी संगं जातो. गार्ड म्हणते, "आला म्हातारा भांडाले."

येणारच. हसून घे. उत्तर भेटल्याबिगर मी एकालेबी दारातून परत जाऊ देणार नाई.