विहीणबाईंसमोर दिलेलं उत्तर

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी डॉक्टरांना सांगितलं, "नाही." खरं बोला म्हणून उभा जन्म शाळेत पोरांना छड्या मारलेली बाई मी!

२००४ साल असावं. लेक एकोणचाळिशीची. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढलेली, अंडाशयांसकट. पाठ दुखते म्हणून गोंदियाला दाखवायला नेलं. सोबत तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई.

डॉक्टर म्हणाले, "पाळी अशी लवकर गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात. हिच्या आईचं, आजीचं कधी साध्या पडण्यानं हाड मोडलं? कुणाला पोक? उंची घटली? तसं असेल तर नागपूरला हाडांची तपासणी लगेच करू. नसेल तर गोळ्या घेऊन वर्षभर पाहू."

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरची बुढी नव्वदीची हाये, डॉक्टरसाहेब. काठी नाही धरत. यायच्या घरचं यायलेच विचारा."

झालं! माझं नाक चढलं. "आमच्याकडंही कोणाला काही नाही," मी ठणकावलं.

आईला पोक होता की! पण तो आमच्या गावात निम्म्या बायांना असायचा. धानाच्या बांधीतल्या चिखलात वाकून रोपांची रोवणी केली की कंबर तशीच राहते, असं आम्ही धरूनच चाललेलो. पुढे आई अंगणात नुसती बसल्यासारखी पडली, खुबा मोडला, पाच महिने खाटेवर झिजून गेली. तेही आम्ही रोवणीवरच ढकललं. मी तर कधी चिखलात पाय घातला नव्हता. म्हणजे मी सुटले, माझी लेक सुटली. काय ती अक्कल! आणि माझी उंची? त्याच वर्षी माझे परकर जमिनीवर लोळायला लागले होते. आणि मी, शाळेतल्या मॅडम, शिंप्याशी भांडून आले होते, "माप घेता येत नाही का रे तुला?"

परतताना बसमध्ये वाटलं, उतरावं, मागं जाऊन खरं सांगावं. पण विहीणबाई शेजारीच बसून पान चघळत होत्या. मी खिडकीबाहेर धान बघत राहिले. गोळ्यांनी लेकीची पाठदुखी जरा थांबली, मग दवाखान्याचं नाव कोणी काढलं नाही.

चार वर्षांनी तिनं पाण्यानं भरलेला पितळी गंज उचलला आणि तिथंच खाली बसली. मणका दबला होता. नागपूरच्या तपासणीत निघालं, हाडं सत्तरीच्या बाईची. औषधं सुरू झाली, पण दबलेला मणका काही वर येत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी माझी लेक कमरेला पट्टा बांधून भिंत धरून चालायला लागली. मी मात्र पोक काढून का होईना, तिच्यासाठी चहा घेऊन जात होते.

एका दुपारी तिच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. आईचा खुबा, परकर, बस, सगळं. ती छताकडे बघत ऐकत होती. रडली नाही, रागावली नाही. मग म्हणाली,

"आई, आणखी काय काय सांगाचं राहून गेलं हाये?"